रोझविटाचं रीळ

सत्यजितनं रीळ उचललं आणि त्याला त्यात स्वतःचं नाक दिसलं.

घोटाळा तिथंच लक्षात यायला हवा होता, पण माणसाचं डोकं अशा वेळी आधी सोयीचंच सांगतं. त्याला वाटलं, हे वेगळं काहीतरी आहे, देवाचं असेल. बाजूला तांब्या पालथा घातलेला, त्याच्याशेजारी पंचपात्र, पळी, घंटा, सगळं धुऊन-पुसून स्वच्छ पंच्यावर वाळत ठेवलेलं. आणि त्याच रांगेत, घंटेच्या पलीकडे, हे. मग त्यानं ते उलटं केलं, त्याची छोटीशी मूठ फिरवली, आणि हे कुठलं रीळ आहे ते त्याला कळलं.

"आई," त्यानं हाक मारली. "हे कुणी घासलं?"

"मीच की!" त्याच्या सासूबाई, प्रभाताई, हात पुसत बाल्कनीतून आत आल्या. सांगलीहून जर्मनीत इंगोलश्टाटला लेकीकडे येऊन त्यांना महिना झाला होता, आणि घरातलं एकही भांडं त्यांच्या हातून सुटलं नव्हतं. "उद्या पाडवा. गुढीचा तांब्या काढला घासायला, तर हेही बिचारं तिथंच ओट्यावर पडलेलं. किती कळकटलं होतं हो! चिंच उरलीच होती. तीनदा काळं पाणी निघालं, तीनदा."

सत्यजितनं रीळ पुन्हा उलटं केलं.

"मागच्या कडेला एवढासा ठिपका तेवढा चकाकत होता," त्या कौतुकानं म्हणाल्या, "बाकी सगळं काळंकुट्ट. म्हटलं, एकसारखं करून टाकावं."

तो खुर्चीवर बसला.

आता ह्या माणसाची गंमत अशी की ताटात मासा आलेला त्याला चालायचा नाही, अंडंसुद्धा घरात वेगळ्या तव्यावर, पण गळाच्या काठ्या तळघरात अकरा आणि त्यांची दोरी गुंडाळायची रिळं बावीस. ऊर्मिला, त्याची बायको, ओळखीच्या सगळ्यांना हे हसत हसत सांगायची. सत्यजितचं म्हणणं असं की मासा हे निमित्त, खरी मजा यंत्राची. दिवसभर कंपनीत बेअरिंगांची चाचणी घेणारा माणूस तो. फिरणारी कुठलीही वस्तू दिसली की कानाशी धरायचा. पहिलं जुनं रीळ त्यानं रविवारच्या फ्लोमार्क्टमध्ये, म्हणजे तिथल्या जुन्या बाजारात, नुसतं कानाला लावून घेतलं होतं. ते पाहून शेजारी उभा असलेला एक म्हातारा म्हणाला होता, "कानानं घेताय ते बरंच आहे. पण ते ठेवा खाली. त्याचा एक दात गेलाय."

तो म्हातारा म्हणजे हेर, म्हणजे श्रीयुत, लेख्नर. अठ्ठ्याहत्तर वर्षांचा, निवृत्त टूलमेकर, डॅन्यूबकाठच्या मासेमारी मंडळाचा जुना सभासद. त्यानं सत्यजितला मंडळात घेतलं, मासेमारीच्या परवान्याच्या परीक्षेला बसवलं, आणि मुख्य म्हणजे शिकवलं. काठी डोळ्यांनी निवडायची नाही, डोळे मिटून हातात धरायची आणि शेंडा थरथरायचा कुठं थांबतो ते मनगटाला विचारायचं. वेताची काठी भिंतीला टेकवून ठेवायची नाही, टांगायची, नाहीतर ती वाकण्याची सवय धरते. दोन तुकडे जोडायच्या आधी सांध्यावर स्वतःच्या नाकाच्या बाजूचं तेल बोटानं लावायचं, दुसरं कुठलं नको. हिवाळ्यात रीळ ठेवताना त्याचा ब्रेक पूर्ण सैल सोडायचा. आणि तेल सुईच्या टोकानं, एक थेंब. "दुसरा थेंब तुमच्या समाधानासाठी असतो," असं तो म्हणायचा.

दोन वर्षं त्यानं सत्यजितला फक्त फुटकळ रिळं दुरुस्तीला दिली. प्रत्येक रीळ परत आल्यावर तो उघडून पाही, आणि पुन्हा मिटून काही न बोलता फडताळात ठेवी. मग गेल्या सोमवारी त्यानं एक लाकडी डबा आणून दिला. त्याच्या हातांचा कंप आता वाढला होता. डब्यावर चिकटवलेल्या चिठ्ठीवर पेन्सिलीनं मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं, 'नूर इनन'. फक्त आतून.

डब्यात हे रीळ होतं. दुकानातलं नव्हे. बावन्न वर्षांपूर्वी लेख्नरनं कारखान्यातल्या लेथवर, सुटीच्या दिवशी, रोझविटासाठी ते पितळेतून कातून काढलं होतं. तेव्हा त्यांचं लग्न झालेलं नव्हतं. रोझविटा गेल्याला दोन वर्षं झाली. ती नदीवर बसायची, पाण्यावरच्या तरंगत्या बुचाकडे बघत, आणि तासन्‌तास तिचा अंगठा रिळाच्या मागच्या तबकडीच्या कडेवर इकडून तिकडे फिरत राहायचा. तिला कळतही नसे. सगळं पितळ काळवंडत गेलं, तेवढी जागा मात्र लखलखत राहिली. अंगठ्याएवढी.

"इथं," लेख्नरनं दाखवलं होतं. पण त्यानं बोट अर्धा इंच वरच धरलं होतं, टेकवलं नव्हतं. "इथं मी हात लावत नाही. तुम्हीही लावू नका."

आतला आस घासत होता, एवढंच दुखणं होतं. उद्या मंडळाचा आनफिशन, हंगामाचा पहिला दिवस. उद्या रोझविटाचं रीळ दोन वर्षांनी पाण्यावर न्यायचं असं त्यानं ठरवलं होतं. आज चार वाजता तो न्यायला येणार होता. लेख्नरचे चार म्हणजे चारच.

काल रात्री काम फत्ते झालं होतं. सत्यजितनं जुनं चिकट वंगण काढलं, आस गुळगुळीत केला, एक थेंब तेल दिलं आणि बोटानं टिचकी मारली, तर रीळ दीड मिनिट फिरत राहिलं, मांजर गुरगुरावं तसं. त्या आनंदात तो ते घेऊन वर आला, ऊर्मिलाला फिरवून दाखवलं, आणि ओट्यावर वर्तमानपत्र पसरून त्यावर ठेवून झोपायला गेला. डबा खाली तळघरात राहिला. त्यावरची चिठ्ठीही.

हे सगळं त्याला त्या खुर्चीवर बसल्या बसल्या उमगत गेलं. साडेदहा वाजले होते.

"आई," तो म्हणाला, "तुम्हाला कुणी सांगितलं होतं घासायला? कुणी सांगितलं होतं?"

"सत्या!" ऊर्मिला आतून धावत आली. "आईवर कशाला ओरडतोस?"

मग त्यानं सांगितलं. ओरडतच सांगायला सुरुवात केली, पण अंगठ्यापाशी आल्यावर ओरडणं थांबलं. ऊर्मिला तोंडावर हात धरून उभी राहिली. प्रभाताई हळूच खाली टेकल्या. त्यांच्या नखांत अजून चिंचेचा काळा मळ होता, तो त्यांनी पदरात लपवला.

"चिठ्ठी जर्मनमध्ये, तीही तळघरात," ऊर्मिला शेवटी म्हणाली, "आणि रीळ ओट्यावर. शाबास."

"माझीच चूक आहे. कबूल. पुढे काय?"

"पुढे काय म्हणजे?" प्रभाताई म्हणाल्या. "सांगून टाकायचं. मी सांगते ना. माझ्या हातून झालंय, मी हात जोडून माफी मागते त्यांची. तुम्ही नुसतं जर्मन करा त्याचं."

"माफीनं ते परत येणार आहे का?"

"खोट्यानं येणार आहे?"

 तो इंजिनिअर होता आणि त्याच्या फोनमध्ये चौदा फोटो होते. काहीही उघडायच्या आधी सगळ्या बाजूंनी फोटो काढायचे ही त्याची कंपनीतली सवय. त्यानं फोन काढला. काळवंडलेलं पितळ, आणि मागच्या कडेवर तो उजळ ठिपका, स्पष्ट, झूम करून मोजता येईल इतका. पितळ कशानं काळं पडतं हे त्याला ठाऊक होतं. पन्नास वर्षांचं काम चार तासांत कसं करायचं हेही ठाऊक होतं.

त्यानं गाडीची किल्ली उचलली.

"कुठं निघालास?" ऊर्मिलानं विचारलं.

"बाउमार्क्ट."

शनिवार सकाळ, त्यात वसंत ऋतू. अर्धं शहर त्या घर-बागेच्या सामानाच्या दुकानात कुंड्या आणि खताच्या गोण्या घेऊन रांगेत उभं होतं. सत्यजितच्या हातात सालमियाकची, म्हणजे अमोनियाच्या पाण्याची, एकच बाटली. पुढच्या बाई आपल्या रोपट्यांबद्दल काउंटरवरच्या मुलीशी निवांत बोलत होत्या. त्यानं घड्याळ पाहिलं, पुन्हा पाहिलं. त्याला त्या बाईंचा इतका राग आला की त्याला स्वतःचीच लाज वाटली.

बारा वाजून दहा मिनिटांनी त्यानं बाल्कनीत बादलीच्या तळाशी ते पाणी आणि मूठभर मीठ टाकलं, वर जाळीवर रीळ ठेवलं आणि झाकण लावून कडेनं चिकटपट्टी मारली. त्याआधी रीळ पुन्हा उघडावं लागलंच होतं. चिंचेचं पाणी आत आसापर्यंत गेलं होतं.

एक वाजता त्यानं झाकण किलकिलं केलं. वासानं डोळ्यांतून पाणी आलं. रीळ तसंच, नवऱ्या मुलासारखं चमकत. पावणेदोनला जरासा पिवळसर डाग. अडीचला तपकिरी. जेवायला कुणी बसलं नाही. ऊर्मिलानं श्रीखंडाचा चक्का टांगला होता तो तसाच टांगलेला राहिला. प्रभाताई हॉलमध्ये जपमाळ घेऊन बसल्या होत्या, पण मणी पुढे सरकत नव्हते.

तीन वाजता त्यानं ते बाहेर काढलं, धुतलं, वाळवलं, मऊ फडक्यानं तेलाचा हात दिला. आणि खरं सांगायचं तर ते फार छान झालं होतं. फोटोशेजारी धरलं तर ऊर्मिलालासुद्धा फरक सांगता येईना. सत्यजितला त्या क्षणी चक्क अभिमान वाटला, आणि लगेच गेला.

राहिला ठिपका.

त्यानं व्हर्नियर घेतला. रिळावरच्या एका खिळ्याचं फोटोतलं माप आणि खरं माप ताडून ठिपका मोजला: तेवीस मिलिमीटर लांब, अकरा रुंद, डावीकडे थोडा निमुळता. पेन्सिलीनं कडेवर खुणा केल्या. आधी फडक्यानं घासून पाहिलं, पण कड धारदार यायला लागली. खऱ्या ठिपक्याला कड नव्हतीच, तो हळूहळू काळ्यात विरत गेला होता. मग त्यानं अंगठ्याला दंतमंजन लावलं आणि अंगठ्यानंच घासायला सुरुवात केली. इकडून तिकडे. इकडून तिकडे.

दहा मिनिटांत अंगठा भाजल्यासारखा झाला. तो थांबला नाही.

प्रभाताई केव्हातरी दारात येऊन उभ्या राहिल्या होत्या.

"सत्यजितराव."

"बोला."

"दुसऱ्याच्या बायकोचा अंगठा करताय तुम्ही."

त्याचा हात थांबला. मग पुन्हा सुरू झाला.

"मला नाही पटत हे," त्या म्हणाल्या. "गेलेल्या माणसाचं खोटं करू नये. मी सांगणार त्यांना."

"तुम्हाला जर्मन येत नाही, आई."

"रडायला भाषा लागत नाही."

"तुमच्या पाया पडतो," तो म्हणाला, आणि त्याचे डोळे खरोखरच भरून आले होते. "त्या माणसाकडे तिचं दुसरं काही नाही. कपडे त्याच्या पोरीनं देऊन टाकले, घर विकलं. आज मी त्याला काय सांगू, की ती जागा माझ्या घरात चिंचेनं धुतली गेली? तुम्ही आत बसा. एवढं करा माझ्यासाठी."

त्या आत गेल्या नाहीत. पण हॉलमधल्या खुर्चीवर जाऊन बसल्या.

चार वाजता बेल वाजली.

लेख्नरनं आज मंडळाची हिरवी टोपी घातली होती. दारातच बूट काढले, कुणी सांगितलं नव्हतं तरी, आणि प्रभाताईंकडे बघून मान लववली. "ग्र्युस गॉट." त्यांनी हात जोडले. ऊर्मिला त्याला बसायला सांगून स्वयंपाकघरात निघून गेली. तिथं उभं राहणं तिला जमणार नव्हतं.

सत्यजितनं डबा टेबलावर ठेवला.

लेख्नरनं झाकण उघडलं. थरथरत्या हातांनी रीळ बाहेर घेतलं, काठीला धरावं तसं डाव्या हातात धरलं आणि उजव्या बोटानं टिचकी मारली. रीळ फिरलं. तो कान जवळ नेऊन ऐकत राहिला. दीड मिनिट हॉलमध्ये दुसरा आवाज नव्हता. सत्यजितला वाटलं, ते फिरतच राहावं, थांबूच नये.

थांबलं.

"श्योन, छान," लेख्नर म्हणाला. मग त्यानं रीळ नाकाजवळ नेलं.

सत्यजितनं आपला अंगठा मुठीत लपवला.

"सालमियाक?"

"आतलं जुनं वंगण निघत नव्हतं," सत्यजित म्हणाला. "थोडंसं वापरलं. आतूनच."

चाळीस वर्षं धातूत घालवलेला माणूस होता तो. त्यानं सत्यजितकडे पाहिलं. निळ्या, पाणावलेल्या डोळ्यांत काय होतं ते सत्यजितला वाचता येईना. "आल्झो, असं आहे तर," लेख्नर एवढंच म्हणाला. मग त्यानं रीळ उलटं केलं, मागची कड वर आणली, आणि खिडकीच्या उजेडाकडे धरली.

कितीतरी वेळ तो बघत राहिला.

आणि मग त्यानं, सोमवारी जिथं बोटसुद्धा टेकवलं नव्हतं, तिथं आपला अंगठा ठेवला. सावकाश, पूर्ण. इकडून तिकडे फिरवला. त्याच्या हातांचा कंप थांबला होता. त्यानं डोळे मिटले, आणि टोपीखालचा तो म्हातारा चेहरा असा मऊ झाला की पाहणाऱ्यानं मान फिरवावी.

सत्यजितच्यानं ते बघवेना. सकाळपासून जे दात आवळून धरलं होतं ते सुटलं. त्याचा स्वतःचा अंगठा ठणकत होता, त्यावर फोड आला होता, आणि तो म्हातारा ज्याच्यावर हात फिरवत होता ते त्या फोडाचंच काम होतं. ह्यापेक्षा शिव्या बऱ्या.

"हेर लेख्नर," तो जर्मनमध्ये म्हणाला, "मला तुम्हाला एक सांगायचंय. हे रीळ..."

"सत्यजितराव!"

प्रभाताई उठल्या होत्या. आवाज इतका खणखणीत की लेख्नरनंही डोळे उघडले.

"विचारा त्यांना, चहा घेणार का? आपला, आलं घालून."

सत्यजित त्यांच्याकडे वळला.

"आई, मी सांगतोय त्यांना. तुम्हीच म्हणत होतात..."

"चहाचं विचारा," त्या म्हणाल्या. हात पदराखाली होते, आणि मान अगदी हळू हलत होती. नाही. नाही.

लेख्नर एकदा त्यांच्याकडे, एकदा सत्यजितकडे बघत थांबला होता.

"माझ्या सासूबाई विचारतायत," सत्यजित शेवटी म्हणाला, "आल्याचा चहा घेणार का?"

"गेर्न," लेख्नर म्हणाला. आनंदानं.

त्यानं दोन कप चहा घेतला. कप डाव्या हातात, रीळ मांडीवर, आणि उजवा अंगठा सगळा वेळ त्या जागेवर. उद्या सकाळी सहाला नदीवर, उशीर करू नका, असं सत्यजितला बजावलं. निघताना प्रभाताईंचा हात आपल्या दोन्ही हातांत घेऊन त्यानं काहीतरी लांबलचक म्हटलं. सत्यजितला प्रभाताईंनी त्याचं मराठी करायला सांगितलं नाही, आणि त्यानंही केलं नाही. मग बूट घालून, डबा छातीशी धरून, तो जिना उतरून गेला.

दार लागलं. स्वयंपाकघरात ऊर्मिलानं नळ सोडला होता, कपबशांचा आवाज येत होता.

"सकाळपासून तुम्ही म्हणत होतात सांगा, सांगा," सत्यजित हलक्या आवाजात म्हणाला. "आणि मी सांगायला लागलो तर..."

प्रभाताई खिडकीपाशी गेल्या. खाली लेख्नर सायकलच्या पुढच्या टोपलीत डबा ठेवत होता, त्यावर स्वतःचा कोट घडी करून घालत होता.

"आमच्या ह्यांची एक सवय होती," त्या म्हणाल्या. "चष्मा काढताना डाव्या काचेवर अंगठा दाबायचे. रोज. मी रोज कटकट करायची आणि रोज पुसायची. ते गेले त्या दिवशी पुसायचा राहिला. मग मी तो तसाच डब्यात घालून कपाटात ठेवला. कुणाला बोलले नाही. दिवसातून एकदा उजेडाला धरून बघायची."

नळाचा आवाज चालू होता. त्यांनी एकदा तिकडे पाहिलं आणि आवाज आणखी खाली आणला.

"ऊर्मिला आली होती तेराव्याला. कपाट आवरलंन्. काच स्वच्छ पुसून ठेवलीन्. मग तिचं तिलाच कळलं काय झालं ते, माझ्या तोंडाकडे बघून. आली, गळ्यात पडून रडली, सगळं सांगितलंन्. खरी आहे पोर." त्या थांबल्या. "मी म्हटलं, असू दे गं. सहा वर्षं झाली, सत्यजितराव. अजून नाही हो असू देता आलं मला. ती समोर आली की आधी ते आठवतं, मग ती दिसते. मघाशी त्यांनी अंगठा ठेवला ना, तेव्हा वाटलं, ऊर्मिला न सांगती तर बरं झालं असतं."

सत्यजितही खिडकीशी आला. खाली सायकल कोपऱ्यावरून वळून दिसेनाशी झाली.

नळ बंद झाला. ऊर्मिला हात पुसत दारात आली. चेहरा दिवसभराच्या काळजीनं उतरला होता, आणि ती सत्यजितकडे नाही, आईकडेच बघत होती.

"गेले का? काय म्हणाले गं आई?"

प्रभाताईंनी लेकीच्या कपाळावरची बट मागे सारली.

"चहा आवडला म्हणाले," त्या म्हणाल्या.